खांद्यावरचा हात

आमच्या तालुक्यात माणूस आहे की गेला, हे फ्लेक्सवरून कळतं. थट्टा नाही करत. नेत्याचा वाढदिवस असो नाहीतर गणपती, स्टँडसमोर फ्लेक्स लागला की कार्यकर्त्यांच्या बायका आधी आपल्या नवऱ्याचं तोंड शोधतात. मीही शोधायची. आमचे हे पक्षाचे जुने कार्यकर्ते. डावीकडून तिसरे, जागा ठरलेली.

त्या वर्षी पक्षाच्या तालुका बैठकीत ठराव आला. देशाचे पंतप्रधान आमच्या यांच्याच पक्षाचे. तर पुढेही तेच राहावेत, याला तालुक्याचा एकमुखी पाठिंबा. हात वर करायचा आणि चहा पिऊन घरी यायचं, एवढंच काम. सगळ्यांचे हात वर गेले. हे मात्र उठून उभे राहिले आणि म्हणाले, "साहेबांनी लई केलं, पण आता ते कुनाचं ऐकत न्हाईत. दुसऱ्याला बसू द्यावं. पक्ष आपल्या समद्यांचा हाय, एका मानसाचा न्हाई."

घरी येऊन सांगितलं तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला. "कुठं दिल्ली, कुठं देवळाली! तुम्हाला विचारलं होतं का कुणी?"

"व्हय, विचारलं हुतं. कुनाचा इरोध हाय का, म्हनले."

आता बोला!

मला वाटलं, भांडण होईल, नोटीस येईल, निदान कुणीतरी दारात येऊन शिव्या घालून जाईल. काही म्हणजे काही झालं नाही. तेच वाईट होतं. सकाळी पक्षाच्या ग्रुपवर हे 'राम राम' टाकायचे. सगळे वाचायचे, उत्तर कुणाचं नाही. चहाच्या टपरीवर हे बसले तर लोकांचं बोलणं थांबत नसे, चालूच राहायचं. फक्त यांच्याकडे कुणी बघत नसे. एकदा जेवताना यांनी मला विचारलं, "मी आत्ता बोललो, ते ऐकू आलं ना गं तुला?"

मग नवा फ्लेक्स लागला. भाजीची पिशवी घेऊन मी स्टँडवर उभी होते. तिसऱ्या जागी हे नव्हते, नुसतं निळं आभाळ होतं. पण शेजारच्या तालुकाध्यक्षांच्या खांद्यावर एक हात होता. मनगटापर्यंत पांढरी बाही आणि वाकडी करंगळी. ती करंगळी आमच्या लग्नाआधी उसाच्या चरकात सापडलेली. हजारात ओळखीन मी. जुन्या फोटोतला माणूस पुसला होता, पण हात काढायला गेलं तर अध्यक्षांचाच खांदा तुटला असता, म्हणून तेवढा ठेवला असणार. मागे माणूस नसलेला तो हात फ्लेक्स उतरेपर्यंत तिथंच होता. रोज शेकडो लोक खालून जायचे आणि कुणालाही तो दिसत नव्हता.

शेवटी अध्यक्षांचा निरोप आला. मोबाईलसमोर उभं राहून एवढंच म्हणायचं, की माझ्या बोलण्याचा विपर्यास झाला. मग सगळं पहिल्यासारखं. हे 'बरं' म्हणाले. खरं सांगते, मला हायसं वाटलं. मला माझा नवरा परत हवा होता. पक्ष गेला खड्ड्यात.

त्याच आठवड्यात आबा वारले. यांना पक्षात आणणारे ते. दहाव्याला सगळे जमणार, तर तिथंच विधी आटोपल्यावर ते बोलणं मोबाईलवर घ्यायचं ठरलं.

प्रवरेच्या घाटावर सकाळीच गर्दी झाली होती. आमच्याकडे दहाव्याला पुढाऱ्यांची भाषणं होतात. पक्षातर्फे नेहमी हे बोलायचे. माइकवाल्यानं एकेकाचं नाव पुकारलं, यांचं नाही.

पिंड ठेवले. कावळा शिवेना. समोरच्या बाभळीवर कावळे ओळीनं बसले होते, पण एकही ओरडत नव्हता. अशा वेळी मेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा ओळखून त्याला शब्द द्यायचा असतो. मुलानं आईला सांभाळायचा शब्द दिला. पुतण्यानं बांधाचा वाद मिटवायचा दिला. कावळे ढिम्म. मग अध्यक्षांनी माइक घेतला, "आबा, काळजी नसावी. आपन साहेबांचे हात बळकट करू, तालुका एकदिलानं मागं राहील." बाभळीवरचे दोन कावळे उडाले आणि पलीकडच्या तीरावर जाऊन बसले.

तेव्हा आबांची बायको यांच्याकडे वळली. "भाऊजी, तुमी बोला. बैठकीतलं कळल्यापून आमचे हे रोज म्हनायचे, माझ्या तोंडचं त्यानं बोलून दाखवलं."

अध्यक्षांनी मोबाईल खिशातून काढलेलाच होता. मी यांची बाही धरली. यांनी ती हळूच सोडवली, पिंडापाशी जाऊन उभे राहिले, माइक मागितलाच नाही.

"आबा, मी शब्द मागं घेनार न्हाई."

कावळा उतरला. मी शाळेत विज्ञान शिकवलंय. ऊन चढलं होतं, पाखरं भुकेली असणार, सगळं कळतं मला. तरी माझे हात आपोआप जोडले गेले.

लोक उठले. घाटाच्या अरुंद पायऱ्यांवर पांढऱ्या कपड्यांची एकच रेटारेटी झाली. हे माझ्या पुढे होते. मागून कुणाचा तरी हात आला, यांच्या खांद्यावर पडला, खांदा घट्ट दाबला आणि गेला. मग दुसरा आला. मग आणखी एक. हे वळले, मी वळले. सगळ्यांची तोंडं नदीकडे.

"कुनाचे हुते गं?" यांनी विचारलं. आवाज लहान मुलासारखा झाला होता.

इतके महिने पोटात साठलेली भीती गेली आणि अशी चीड आली म्हणता! त्या गर्दीत मी ओरडले, "मेल्यांनो, हात आहेत तर तोंडं नाहीत का तुम्हाला?"

एकानंही मान वळवली नाही.