संक्रांतीची तोंडी परीक्षा

गिरिजा दिल्लीच्या मेट्रोत उभ्याउभ्या झोपायला शिकली आणि त्याच वर्षी स्पॅनिशही शिकायला लागली. सकाळी लेकीची, भक्तीची शाळा, मग कँटोन्मेंटच्या बालवाडीतली नोकरी, स्वयंपाक, आणि संध्याकाळी सरोजिनी नगरजवळच्या कम्युनिटी कॉलेजात वर्ग. परतताना स्वस्तातले कपडे घेतलेल्या पोरींच्या फुगलेल्या पिशव्या गुडघ्यांना लागत, आणि ही दांडा धरून, क्रियापदं पुटपुटत डुलक्या घेई.

स्पॅनिशच का, असं सगळे विचारत. कारण काही थोर नव्हतं. ब्यूटी पार्लरची बॅच भरली होती आणि स्पॅनिशच्या जागा रिकाम्या होत्या. गडहिंग्लजला असताना बीए अर्धवट सुटलं होतं, ते कुठूनतरी पुरं करायचं होतं. पुढे भाषा आवडायला लागली, पण हे तिनं कुणाला सांगितलं नाही. संसारी बाईला काही आवडतंय म्हटलं की लोक आधी तिचं स्वयंपाकघर बघायला येतात.

कॉलेजचा डिप्लोमा चांगल्या मार्कांनी सुटला, तर विद्यापीठ बीएच्या दुसऱ्या वर्षाला थेट घेणार होतं. लेखी पार पडली होती, तोंडी उरली होती. आणि मार्चमध्ये तिचा नवरा, हवालदार कृष्णात, सीमेवर जायचा होता. तिथे बायकामुलं नेता येत नाहीत. सासूबाईंचं म्हणणं, सुनेनं नातीला घेऊन गावी यावं. कृष्णातनं आपल्या परीनं निकाल लावून टाकला होता. "विद्यापीठात घेतलं तर क्वार्टर ठेवू. नाहीतर गावी. मग परत विषय काढायचा न्हाई."

आता यातला घोळ ऐका. जानेवारीच्या मध्यात कुणाला अडचण आहे का, असं स्पॅनिश शिकवणाऱ्या मिस अरोरांनी वर्गाला आधीच विचारलं होतं. गिरिजा गप्प बसली. संक्रांतीला सुट्टी असणार हे तिनं धरूनच ठेवलं. इतकी वर्षं दिल्लीत काढून! दिल्ली आदल्या दिवशी लोहडीची शेकोटी पेटवते आणि संक्रांतीला मुकाट कामावर जाते. परीक्षा नेमकी संक्रांतीला लागली.

आणि संक्रांतीला युनिटमधली मराठी कुटुंबं पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला जातात. बस ठरते, सुभेदारसाहेबांच्या हेमांगी वहिनी घरोघर फिरून "येणार ना?" असं विचारतात. त्या प्रश्नाला नाही म्हणायची पद्धत नाही. गिरिजानंही दरवर्षीसारखं "हो वहिनी" म्हणून टाकलं होतं. आता तिला जाऊन ते परत घ्यावं लागलं.

"परीक्षा? कसली?" वहिनी मटार सोलत होत्या.

"स्पॅनिशची."

"अगं, नवरा काश्मीरला चाललाय आणि तू स्पेनचं तिकीट काढतीयस होय?" शेजारच्या बायका खो खो हसल्या. गिरिजाही हसली, न हसून सांगते कुणाला. मग वहिनींनी आवाज खाली आणला. "बघ बाई. साहेब कृष्णातला विचारतील, बायको कुठाय म्हणून. काय सांगेल तो?"

"खरं ते सांगतील, वहिनी."

"बरं. मग तिळगूळ तरी तू कर. सगळ्या बसचा."

ही शिक्षाच होती, आणि तिनं ती मुकाट्यानं घेतली. आदल्या दिवशी बालवाडीतून आल्यापासून ती तीळ भाजत होती. पाक गरम असतानाच लाडू वळावे लागतात. बोटं पोळली, पाठ मोडून आली. भिंतीवर टाचणीनं लावलेल्या कागदावर तोंडी परीक्षेचा पाठ होता, 'कुटुंबासह समुद्रकिनारी सहल'. गिरिजानं समुद्र एकदाच बघितला होता, तोही धावत्या बसमधून. भक्ती कागदावर बोट धरून म्हणाली, "मम्मी, फिर से बोलो ना, बीच में अटक रही हो."

"मराठीत बोल गं."

"अटकतेस तू. बिल्कुल अटकतेस."

पहाटे धुक्यात कृष्णातनं डबे बसमध्ये चढवले. भक्ती त्याच्याबरोबर गेली. खिडकीतून सगळ्या बायका गिरिजाकडे बघत होत्या. बस वळली, आणि तिला पहिल्यांदा वाटलं, आपण चूक तर करत नाही ना?

परीक्षेच्या खोलीत मिस अरोरा होत्या आणि बाहेरून आलेले एक म्हातारे परीक्षक, मफलर गुंडाळून बसलेले. "सहलीबद्दल बोला," ते म्हणाले. गिरिजानं तोंड उघडलं. समुद्र नाही, किनारा नाही; पाठ केलेलं सगळं गेलं होतं. डोळ्यांची नुसती आग होत होती.

"मी सहलीला गेले नाही," ती मोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाली. "बस सकाळी गेली. माझी मुलगी गेली. मी लाडू केले." तिनं बोटं दाखवली.

"बस कुठे गेली?"

"एका रणांगणावर. फार जुनं युद्ध. तिथे आमची माणसं हरली."

"मग तिथे जाता कशाला?"

याचं उत्तर तिला मराठीतही कुणी विचारलं नव्हतं. तिनं येत होते तेवढे शब्द गोळा केले. "ती घरी परतली नाहीत. म्हणून कुणीतरी जावं लागतं."

परीक्षकांनी कागदावर मार्क लिहिले. मग मफलर सावरत म्हणाले, "भूतकाळ कच्चा आहे. वाचन वाढवा." बाहेर आल्यावर मिस अरोरांनी तिला जिन्यात गाठलं. "हो गया, गिरिजा. जेमतेम. पण विद्यापीठाला पुरेल इतकं."

आनंद व्हायला हवा होता. मेट्रोत चक्क जागा मिळाली आणि ती स्टेशन चुकेपर्यंत झोपली.

संध्याकाळी बस परतली. कृष्णातनं रिकामे डबे ओट्यावर ठेवले. "लाडू संपले. वहिनी म्हणाल्या, कडक झालेत."

"साहेबांनी विचारलं?"

"विचारलं. म्हटलं, शिकतीय." तो बूट सोडत बसला. मग मान वर न करता म्हणाला, "काय झालं तुझं?"

"पुरेल इतकं झालं."

"म्हणजे आणखी दोन वर्षं हेच?"

"हेच."

त्यानं खोलीभर नजर फिरवली. कोपऱ्यात काळी ट्रंक होती. मार्चमध्ये ती त्याच्याबरोबर जाणार होती, एकटी. "आईला फोन मी करतो," तो म्हणाला. "तू झोप आता."

भिंतीवरचा तो कागदी समुद्र काढायचं त्राण तिच्यात नव्हतं. ती तशीच आडवी झाली.