भाऊ कामगार कसा?

"क्रश इंज्युरी आहे," डॉक्टर म्हणाले. "दोन बोटांचा रक्तपुरवठा तुटलाय. तर्जनीची आशा कमी आहे. मधल्या बोटाची रक्तवाहिनी जोडून पाहतो."

क्रश इंज्युरी म्हणजे चिरडून झालेली इजा. कापलेल्या जखमेला कडा असतात, चिरडलेलीला नसतात. हे मला चिंचवडच्या त्या हॉस्पिटलात कळलं. हात माझ्या दिराचा, नितीनभाऊजींचा. उजवा.

चाकणला आमचं छोटं प्रेस शॉप आहे. पत्र्याचे वॉशर, ब्रॅकेट. डायमध्ये, म्हणजे प्रेसच्या साच्यात, जॉब अडकला, भाऊजी तो हातानेच काढायला गेले, पाय पेडलवर पडला आणि वरचा साचा हातावर आला. एवढंच झालं.

काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "पेशंट तुमचे एम्प्लॉयी का? इन्शुरन्स आहे?"

"भाऊ आहे माझा!" आमचे हे म्हणाले. कोणीतरी शिवी दिल्यासारखे.

मला पॉलिसीचे कागद आठवले ते तेव्हा.

मी माहेर-सासर दोन्हीकडची पहिली ग्रॅज्युएट. बी.कॉम. शॉपचे कागद मीच बघते. माणसं कमी म्हणून ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, आम्हाला लागू नाही, पण डब्ल्यूसी म्हणजे कामगार-भरपाईची पॉलिसी मी हट्टाने घेतली होती. कामावर कामगाराला इजा झाली तर भरपाईची जबाबदारी कायद्याने मालकाची. ती विमा कंपनीने उचलायची, म्हणून ही पॉलिसी. औषधपाण्याचं कलम वेगळं घ्यावं लागतं, तेही घेतलेलं. सगळ्या कामगारांचे पगार दाखवलेले, कारण ज्याचा पगार दाखवला त्यालाच ती लागू.

भाऊजींचा पगार मात्र नव्हताच. लागेल तेव्हा गल्ल्यातून घ्यायचे. मागे मी म्हटलं होतं, यांनाही पगार लावू, नाव चढवू. तर हे म्हणाले, "भाऊ कामगार कसा?" आणि भाऊजी हसत, पण लागेल असं बोलले, "वहिनी, आज पगार लावाल, उद्या जेवायचं बिल फाडाल." सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. घरोघरी हेच असतं. भावाला पगार देणं म्हणजे त्याला परकं करणं.

ऑपरेशन चालू असताना मी एजंटला फोन केला.

"मॅडम, त्यांचा पगार कुठे दाखवलाय?"

"कुठेच नाही."

"मग अवघड आहे."

हे शेजारीच उभे होते. म्हणाले, "मागच्या तारखेला चढव की नाव. कोण बघतंय?"

"नको. खोटं पकडलं गेलं तर उद्या रफीकभाईंचा हात गेला तरी कंपनी दार उघडणार नाही." माझा आवाज चढला. बाकड्यावरची माणसं बघायला लागली.

रफीकभाई आमचे सर्वांत जुने ऑपरेटर. ते तिथेच बसले होते. मान खाली घालून म्हणाले, "भाभी, आमच्यात तो एकटाच बिनपगारी. आणि ओव्हरटाइम लागला की सगळ्यात जास्त ओरडतो तोच." मला हसू आलं आणि मग रडूच आलं.

रक्तवाहिनी जोडली गेली. पण डॉक्टर म्हणाले, "खरी परीक्षा आता. आत गुठळी झाली तर बोट जाईल." त्यानंतर सुरू झालं ते कॅपिलरी रिफिल. बोटाचं टोक दाबायचं, ते पांढरं पडतं. सोडलं की लगेच गुलाबी व्हायला हवं. झालं तर रक्त पोचतंय. सिस्टर यायच्या, दाबायच्या, आम्ही वाकून रंग बघायचो. तर्जनी दुसऱ्या दिवशी काळी पडू लागली. ती अर्धी काढावी लागली. त्या संध्याकाळी मधलं बोटही उशिरा गुलाबी झालं. सिस्टर धावत डॉक्टरांना बोलवायला गेल्या. त्या वेळेसारखी भीती मला परीक्षेतसुद्धा वाटली नाही, बाळंतपणातसुद्धा नाही.

पट्टी फार घट्ट झाली होती. सैल केली. रंग आला.

खर्च आमचा आम्हीच केला. विमा मिळाला नाही आणि त्यासाठी मी कोणाशी भांडलेही नाही. शॉप चालवणाऱ्यांना, विशेषतः कागद बघणाऱ्या बायांना, माझं एकच सांगणं आहे. दीर, मेहुणा, भाचा, जो कोणी मशीनवर उभा राहतो त्याला रीतसर पगार द्या, आणि एजंटला विचारून त्याचं नाव पॉलिसीत पक्कं करून घ्या. घरातले रुसतील. रुसू द्या. मशीनला नातं कळत नाही.

डॉक्टर, सिस्टर आणि रोज मोशीहून डबा पोचवणाऱ्या शेजारणी, यांचे उपकार फिटायचे नाहीत. प्रेसला आता गार्ड, म्हणजे हात अडवणारी जाळी, आहे आणि पेडल काढून दोन्ही हातांनी एकदम दाबायची बटणं बसवलीत.

फिजिओथेरपी संपवून भाऊजी शॉपवर आले. आता डिस्पॅच बघतात. महिनाअखेरीला मी पगारपत्रकावर सह्या घेत होते. बघते तर भाऊजी रफीकभाईंच्या मागे रांगेत.

"तू कशाला उभा राहिलास रे तिथं?" हे केबिनमधून म्हणाले.

"कामगार हाय मी, दादा. मधी बोलू नका," भाऊजी म्हणाले. रफीकभाई मागे वळून म्हणाले, "बाबा, आता तरी कमी ओरड."

भाऊजींनी पेन अंगठा आणि मधल्या बोटात धरलं. सही वाकडी आली. बोटाचं टोक दाबाने पांढरं पडलं होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं, आणि मी सवयीने बघत राहिले.

गुलाबी झालं. लगेच.