राखीव बादली

नागेश गेल्याचं मला ऑफिसच्या ग्रुपवर कळलं. मी सांगलीकडे गावी होतो, मावसबहिणीच्या साखरपुड्यात, नुकताच पंगतीत बसलेलो. मेसेज दोन ओळींचा. पहिल्या ओळीत तो गेल्याचं दुःख, दुसरीत त्याची कामं कुणाकडे द्यायची त्यासाठी सोमवारी दहाची मीटिंग. दीड महिना झाला, ती दुसरी ओळ डोक्यातून जात नाही. अरे, निदान वेगळा मेसेज तरी पाठवायचा होतात!

नागेश हिंगोलीकडचा. पुण्याजवळच्या जांबे गावात आम्ही चौघं एका फ्लॅटमध्ये राहायचो. तो आणि मी हिंजवडीत एकाच कंपनीत. त्याचं काम सर्व्हर सांभाळायचं. एका मोठ्या मशीनवर पंधरा-वीस प्रोग्रॅम चालतात, मेमरी मात्र सगळ्यांत मिळून एकच. कुणी किती वापरायची याची हद्द नागेश घालून द्यायचा. आम्हाला हे त्यानं शिकवलं ते टँकरच्या पाण्यावर. टाकी एक, आंघोळी चार, आणि शेवटच्याच्या वाट्याला रोज कोरडा नळ. त्यानं माणशी दोन बादल्या ठरवल्या आणि एक लाल बादली भरून मोरीच्या कोपऱ्यात ठेवली. वर मार्करनं लिहिलं, 'राखीव'. "ही कुणाचीच नाही," म्हणाला. "मशीनलासुद्धा थोडी मेमरी स्वतःसाठी बाजूला ठेवावी लागते. तीही वाटून टाकली तर वेळेला कुणालाच वाचवता येत नाही." आम्ही त्याला पाटकरी, म्हणजे कालव्याचं पाणी वाटून देणारा, म्हणून चिडवायचो.

मेमरी संपली की मशीन स्वतःच एखादा प्रोग्रॅम निवडतं आणि मारून टाकतं, बहुतेक वेळा सगळ्यात जास्त खाणारा. पण 'याला मारायचं नाही' अशी सूट देता येते. झालं! प्रत्येक टीमला सूट हवी. आमचा प्रोग्रॅम महत्त्वाचा, त्याला हात लावायचा नाही. साहेबांचा मेल, मग साहेबांच्या साहेबांचा मेल. मीही मागितली, चहाच्या टपरीवर, मित्र म्हणून हक्कानं. तो वैतागला. "सगळ्यांनाच सूट दिली तर मरायचं कुणी रे?" म्हणाला... आणि दिली. एक दिवस ऐन दुपारी मेमरी भरली, मारण्याजोगं कुणी उरलंच नव्हतं, अख्खं मशीन बंद पडलं. मीटिंगमध्ये बोलणी खाल्ली नागेशनं. सूट मागणारे आम्ही सगळे तिथंच होतो, लॅपटॉपात तोंड घालून.

पुढं त्याच्या टीममधली तीन माणसं दुसरीकडे हलवली आणि तिघांची कामं याच्या गळ्यात घातली. मशीनला हद्द हवी हे कळणाऱ्या कंपनीला माणसाची हद्द कळू नये? आणि हाही शहाणा हो म्हणत सुटला. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावलोय. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण काकू जिन्यात त्याला गाठून ओरडायच्या, "आरं, लई वाळलास! छातीत दुखतंय म्हनतुयास आन् हितं फोन घिऊन बसतुयास व्हय? डाक्टर काय घरी येनार हाय?" शेवटी काकूंच्या धाकानं त्यानं रजा टाकली, एका शुक्रवारी तपासणी ठरवली.

आणि त्याच आठवड्यात मी त्याला म्हणालो, "घरचं कार्य आहे रे, मला शुक्रवारी निघावंच लागेल. तेवढं माझं काम बघ. तपासणी काय, पुढच्या आठवड्यात होईल."

त्यानं फोन काढून रजा रद्द केली. मग म्हणाला, "जा. येताना पेढे आण."

शनिवारी दुपारी तो मोरीच्या दाराशी कोसळला. काकूंनी आरडाओरडा करून रिक्षा थांबवली, पण दवाखान्यात पोचेपर्यंत... पेढ्यांचा पुडा मी वाटेत फेकून दिला.

परवाच्या रविवारी टँकर आला नाही. नागेशच्या जागी राहायला आलेला अमरावतीचा इंजिनिअर अंगभर साबण लावून बसला आणि नळ कोरडा पडला. दार अर्धं उघडून त्यानं विचारलं, "ती लाल बादली घेऊ का?" मी अंगावर धावून गेलो. "तिला हात लावायचा नाही!" तो बिचारा डोळे मिटून तसाच उभा. माझं वाक्य माझ्याच कानात वाजलं. मेलमधलं, टपरीवरचं, तेच. मी आत गेलो, बादली त्याच्याकडे सरकवली. "घे बाबा. अडल्या वेळेसाठीच ठेवलीय."

संध्याकाळी टँकर आला तेव्हा आधी लाल बादली भरली. 'राखीव'ची अक्षरं पुसट झाली होती, ती मार्करनं गिरवायला बसलो. गिरवताना तोंडातून शिव्या जात होत्या... कंपनीला, त्या दुसऱ्या ओळीला, नागेशला. गाढवा, सगळ्यांसाठी ठेवत होतास, स्वतःसाठी काही ठेवायचं होतंस की! पण ठेवलं होतं त्यानं. एक शुक्रवार ठेवला होता. तो मी मागून नेला.