नकाशावरच्या टिकल्या

शाळेच्या हॉलमध्ये समुद्रतळाच्या वाटपाची जनसुनावणी होती. भिंतीवर मोठा निळा नकाशा. गॅसची पाइपलाइन, विजेच्या केबली, पवनचक्क्या, सगळ्यांच्या जागा आखलेल्या. "मधला पट्टा मोकळाच आहे," अधिकारी म्हणाले.

पुढच्या रांगेतून यमुनामावशी उठल्या. जन्म कोळीवाड्यातच गेलेला. पर्समधून त्यांनी टिकल्यांचं पाकीट काढलं आणि त्या मोकळ्या पट्ट्यावर एकेक लाल टिकली चिकटवू लागल्या.

"हा आमचा खुंट. हा शेजारच्या धर्मादादाचा. मधे एवढी जागा सोडायची, नाहीतर पाण्याच्या ओढीत जाळ्यात जाळं अडकतं."

तळाशी रोवलेल्या या लाकडी खुंटांना कोळी जाळी बांधतात. कुणाचा खुंट कुठे, हे कागदावर नाही. पण गावात कुणी चुकत नाही.

मागच्या रांगेत बसलेला मी बघतच राहिलो. किनाऱ्यावर उभं राहून आपण नुसतं पाणी पाहतो, म्हणून खालचा तळ आपल्याला ओसाड वाटतो. तिथे तर पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार नांदतोय. नियोजन केव्हाच झालेलं होतं. आपणच कधी विचारलं नव्हतं.

"म्हणजे मावशी, पवनचक्क्या नकोत?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"नको कोण म्हणतंय? नवा खुंट रोवायचा तर आम्ही आधी शेजाऱ्याला विचारतो. तुम्हीपण विचारा."

कारकून नखाने टिकली खरवडायला लागला. "राहू दे," अधिकारी हळूच म्हणाले.

मावशींनी रिकामं पाकीट उलटंपालटं करून पाहिलं.

"पुरल्या नाहीत. पुढच्या वेळी दोन पाकिटं आणते."