गाडीखालचं पायपुसणं

दुबेजींचा फोन आला तेव्हा मी पोह्यांसाठी कांदा चिरत होते. दुबेजी म्हणजे विजय नगरला आमच्या मागच्या गल्लीत राहणारे, आमच्या यांच्याच फॅक्टरीतून निवृत्त झालेले. दोघं रोज सकाळी मदन महालच्या टेकडीकडे फिरायला जायचे. "भाभीजी, ज़रा गाड़ी लेकर आ जाइए... भाईसाहब को बैठना पड़ा है," एवढंच ते म्हणाले. बसावं लागलं, यात घाबरण्यासारखं काय होतं? मी गॅस बंद केला, पर्स घेतली आणि गाडी काढली. वाटभर यांना मनातल्या मनात बोलत होते, की रिकाम्या पोटी निघता, मग चक्कर येणार नाही तर काय होणार. रविवार होता, रस्ता मोकळा होता आणि गाडी अशी हलकी चालत होती, की एका बोटानं वळावी. ते हलकेपण अजून माझ्या तळहातांना आठवतं. पोचले तर हे बाकावर बसलेले, मान दुबेजींच्या खांद्यावर टेकलेली, आणि दुबेजी लहान मुलासारखे रडत होते. नवऱ्याला घरी आणायला गाडी घेऊन गेले होते मी. गाडी रिकामीच परत आली, तीही शेजाऱ्यांनी आणली.

वसंतराव, माझे यजमान, जाऊन आता काही आठवडे झाले. लोक येतात, म्हणतात, त्रास न होता गेले, भाग्यवान. मी मान हलवते. मनात म्हणते, त्यांना नाही झाला हो, मला होऊन राहिला आहे ना.

आमची गाडी जुनी, चंदेरी रंगाची, दुसऱ्याच्या हातची घेतलेली. निवृत्तीनंतर यांनी हौसेनं घेतली आणि थोड्याच दिवसांत डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. कडेचं दिसेनासं झालं. ज्या दिवशी सायकलवाला दिसला नाही आणि थोडक्यात वाचला, त्या दिवशी यांनी किल्ली माझ्यासमोर टेबलावर ठेवली. "चलो, आता तू शिक." मी हसलेच. मी शाळेतून निवृत्त झालेली बाई, उजवा खांदा आखडलेला, वेणी घालताना हात वर जात नाही, आणि मी गाडी चालवू? पण हे माणूस चिकाटीचं. स्वतः शेजारी बसून मला शिकवलं. रोज पहाटे रिकाम्या मैदानात गोल गोल. मला एवढी धास्ती, की गाडीत साधा खुट्ट आवाज झाला तरी मी किल्ली काढून खाली उतरायची. "काही तरी बिघडलं, मी नाही चालवत." मग हे मला समजावत. असं करत करत एक दिवस मी यांना ग्वारीघाटापर्यंत नेलं. नर्मदेच्या पायऱ्यांवर बसून यांनी दुबेजींना फोन लावला आणि सांगितलं, "आज मैडम लाई हैं।" इतकं कौतुक तर आमच्या लग्नातही केलं नव्हतं.

तेव्हापासून एक ठरलेलं असायचं. मी कुठूनही गाडी घेऊन आले, की फाटकाशीच विचारायचे, "हलकी चालून राहिली ना?" मी म्हणायची, "हाव, हलकीच आहे. काहून?" "काही नाही. म्हणजे हात बसला तुझा." दर वेळी हेच. मला वाटायचं, नवरा मला शाबासकी देऊन राहिला आहे. मीही मग जराशी फुगायची. भिशीच्या बायकांना सांगायची, सुरुवातीला हात भरून यायचे, पण एकदा हात बसला की स्टेअरिंग कसं लोण्यासारखं वळतं.

रविवारी सकाळी फिरायला निघण्याआधी यांचा आणखी एक कार्यक्रम असायचा. गाडीचं बॉनेट उघडून उभे राहायचे. "पाणी बघतो," म्हणायचे. मी आतून ओरडायची, "झाली का पूजा? नैवेद्य आणू?" शिवाय गाडी उभी असायची तिथे, पुढच्या चाकांच्या मध्ये, एक जुनं पायपुसणं टाकून ठेवायचे. घर झाडणाऱ्या बाईनं ते उचललं की हे पुन्हा नेऊन टाकायचे. मी एकदा चिडून विचारलं, "काहून ठेवता ते घाणेरडं पायपुसणं तिथं?" हे शांतपणे म्हणाले, "मांजर बसते." आता माझा स्वभाव पडला मास्तरणीचा. मांजर बसते म्हटल्यावर मी रोज तिथे वाटीभर दूध ठेवायला लागले. मांजर काही कधी दिसली नाही. दूध मुंग्या प्यायच्या आणि हे पेपरात तोंड घालून बसायचे. पेपर हलायचा, ते हसून राहिले आहेत हे मला समजायचं नाही.

हे गेल्यावर तेरावा झाला, माणसं पांगली. आमचा निनाद पुण्याला असतो, तो मला न्यायलाच बसला होता. त्याचं मराठी असंच, अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं. "आई, अकेली कशी राहशील? गाडी काढून टाक आणि चल ना माझ्यासोबत." मी म्हटलं, थोडे दिवस बघू दे. माझ्या मनात होतं, गाडी आहे, हात बसला आहे, मी माझी राहीन. बँक, दवाखाना, भाजी, कधी वाटलं तर ग्वारीघाट... कोणाच्या दारात उभं राहायला नको. या घरातून, या गावातून मला उठायचं नव्हतं. मला राहायचं होतं ते त्या गाडीच्या भरवशावर.

आणि गाडी जड व्हायला लागली. आधी जराशी, वळणावर. मग घरासमोर गाडी लावताना खांद्यातून कळ निघायला लागली. वळवताना पुढून कण्हल्यासारखा आवाज यायचा. एरवी अशा आवाजाला मी किल्ली टाकून पळाले असते. पण या वेळी माझ्या डोक्यात गाडीचा विचारच आला नाही. मला वाटलं, मीच कण्हून राहिले आहे, गाडी नाही. हात बसला होता तो उठला. शेजारी माणूस होतं तोवर हातात जीव होता, आता संपलं. असं कोणाला सांगणार? एक दिवस भाजी घेऊन आले, फाटकाशी थांबले, सवयीनं वाट बघितली कोणी काही विचारतं का... आणि स्टेअरिंगवर डोकं ठेवून खूप रडले. मग आत जाऊन निनादला फोन लावला. "गाडी विकून टाकू. येते मी तुझ्याकडे."

गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी दाखवून घ्यावी म्हणून मी ती कांचघरला गुड्डू भैया मेकॅनिककडे नेली. हे कायम त्याच्याकडेच जायचे. त्यानं स्टेअरिंगला हात लावला आणि माझ्याकडे बघत राहिला. "भाभीजी, ये आप चलाकर लाईं? विजय नगर से?" मी म्हटलं, "हाँ, क्यों?" "इसमें तो तेल ही नहीं है।" मग त्यानं बॉनेट उघडून एक छोटा डबा दाखवला. स्टेअरिंग हलकं चालावं म्हणून त्यात तेल असतं, आणि ते खालून कुठून तरी थेंब थेंब पाझरत होतं. आजचं नाही, खूप आधीपासूनचं. "भाईसाहब को तो मालूम था," तो म्हणाला. त्यानं यांना दोन्ही गोष्टी सांगितल्या होत्या. नीट दुरुस्ती करायची तर सगळं खोलावं लागेल, गाडी काही दिवस इथेच राहील. नाही तर पाझर हलकाच आहे, तेल भरत राहा, लक्ष ठेवा. हे विचार करत बराच वेळ याच स्टुलावर बसले होते म्हणे. मग म्हणाले होते, "मैडम को मत बताना। स्टेयरिंग का नाम सुनेंगी तो चाबी रख देंगी। अभी-अभी हाथ जमा है। मैं बैठा हूँ ना, डालता रहूँगा।"

बैठा हूँ ना. असं म्हणाला होतात तुम्ही. आणि मग कुठे गेलात?

गुड्डूनं तेल भरलं. मी बसले, स्टेअरिंग फिरवलं, आणि ते फिरलं... त्या रविवारसारखं. म्हणजे त्या दिवशीही हे बॉनेटपाशी उभे राहूनच टेकडीकडे गेले होते. मला त्यांना आणायला जाता यावं एवढी गाडी हलकी करून. मला यांचा असा राग आला, की समोर असते तर बोलले नसते दोन दिवस. इतकी वर्षं मला फसवलं, माझा हात बसला म्हणून सांगितलं, आणि दर रविवारी स्वतः अधू डोळ्यांनी त्या एवढ्याशा तोंडात चाचपत तेल ओतलं. मी तिथेच, गॅरेजमध्ये, चार माणसांसमोर रडले. गुड्डू पाणी घेऊन आला. म्हणाला, "भाभीजी, भाईसाहब ने झूठ नहीं बोला। इतनी भारी गाड़ी कोई अनाड़ी नहीं ला सकता।" परत येताना सगळा रस्ता मी तेच घोळवत राहिले. खरंच, इतके दिवस ती जड गाडी या आखडलेल्या खांद्यानं चालवली कोणी? मीच ना.

गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलं. निनाद नाराज झाला, मग म्हणाला, "ठीक आहे, पण रिपेअर करून घे." गुड्डूही तेच म्हणतो. मलाही समजतं. पाझर थांबवायचा की भरत राहायचं, हे यांनी ठरवलं होतं ते स्वतःला धरून. भरणारा बसला होता. आता नाही.

पण विजेच्या मीटरच्या डब्यामागे, जुन्या अभ्र्यात गुंडाळलेली, यांनी आणून ठेवलेली तेलाची बाटली सापडली. सोबत माझं नरसाळं, जे हरवलं म्हणून मी त्या झाडणाऱ्या बाईला किती बोलले होते. तेल लाल आहे, त्या पायपुसण्यावरच्या डागांसारखंच. दर रविवारी मी बॉनेट उघडते आणि थोडं थोडं ओतते, जरुरीपेक्षा जरा कमीच. मग आत येऊन, कोणी नसताना, मोठ्यानं म्हणते, "हाव, हलकीच आहे." बाटलीत आता बोटभर उरलं आहे. ते संपलं की गाडी गुड्डूकडे नेणार, मीच चालवत नेणार, आणि पाझर बंद करून घेणार. त्यानंतर खाली एक थेंबही पडायचा नाही.

पायपुसणं मात्र तिथेच राहील. कोणी विचारलं तर सांगीन, मांजर बसते.