पांढरं पडलेलं डोरलं

नत्थूजी नागपूरच्या इतवारीतल्या एका बोळात देवळांच्या कळसांना सोन्याचा मुलामा द्यायचे. सोनं पाऱ्यात विरघळवून तो गोळा कळसावर चोळायचा आणि कळस शेगडीवर धरायचा. पारा धूर होऊन उडायचा, सोनं तेवढं उरायचं. घर एका खोलीचं. वाऱ्यानं निखारे भडकू नयेत म्हणून खिडकी बंद. तिथंच शेगडी, तिथंच अंथरूण.

१९३४च्या उन्हाळ्यात त्यांचा हात कापायला लागला. कुणी पाहत असलं की जास्तच. ते बसायचे, उठायचे, दारापर्यंत जाऊन परत यायचे. आलेल्या गिऱ्हाइकाला हाकलून द्यायचे. हिरड्यांतून रक्त येई, झोपेत लाळ गळून उशी भिजे.

"अवो, बसा न जरा एका जागी," बायको जयवंता म्हणाली.

"तू पाहू नको वं माझ्याकडे!" कधी आवाज न चढवणाऱ्या माणसानं भरलं ताट भिरकावलं.

शेजारी म्हणाले, बाहेरचं आहे. गंडा बांधला, उतारा टाकला. एका वैदूच्या पुड्या घेतल्या, तर तोंड आणखीच आलं. शेवटी तिनं त्यांना दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी पाण्याचा पेला नत्थूजींच्या हातात दिला. अर्धं पाणी सांडलं. ते पुसायला जयवंता वाकली आणि पदराखाली लपवलेलं मंगळसूत्राचं डोरलं बाहेर आलं.

"चांदीचं आहे काय?"

"सोन्याचं जी." ती रडायलाच लागली. "पांढरं पडून राह्यलं. अपशकुन म्हणून कोणाले दाखवलं नाही."

डॉक्टरांनी शेगडीची चौकशी केली, तिनं बरोबर आणलेली वैदूची पुडी उघडून पाहिली. "हा पारा आहे. त्यानंच डोरलं पांढरं पडलं. धुरातून यांच्या रक्तात गेला, तिथून मेंदूत. या पुडीतही बहुतेक तोच असावा. ती खोली आजच सोडा, दोघंही."

"औषध?"

"तो काढून टाकणारं औषध आमच्याजवळ नाही. मोकळी हवा, दूध, आणि शेगडीपासून लांब. शरीर टाकेल तेवढा टाकेल."

दोघं मौद्याला जयवंताच्या भावाकडं गेले. नत्थूजी कन्हान नदीच्या काठानं दिवसभर फिरत. दात बरेच पडले, पण थंडीपर्यंत पेला धरता येऊ लागला. जयवंताची मेलेली भूकही परतली. तेवढ्यात कळलं, अर्धा राहिलेला कळस नत्थूजींचा धाकटा भाऊ रुपराव त्याच खोलीत पुरा करतोय.

नत्थूजी मिळाली ती बैलगाडी धरून नागपुरात आले.

"काहून बसला गा इथं?"

"गिऱ्हाईक थांबत नाही, दादा."

"हात पुढं कर."

रुपरावनं हात धोतरात लपवला.

नत्थूजींनी पेटती शेगडी उचलून बोळात नेली आणि उपडी केली. निखारे पायावर पडले, तरी ते जागचे हलले नाहीत. भाजल्या पायानं लंगडत त्यांनी भावाला त्याच डॉक्टरांपुढे उभं केलं. रुपराव वेळीच वाचला. त्यानं पुढं पितळी भांड्यांचा धंदा धरला. कळस तसाच, अर्धा पिवळा, देवळावर चढला.

नत्थूजींच्या हाताला बारीक काम पुन्हा जमलं नाही. नागपुरात दुसऱ्या खोलीत राहू लागल्यावरही बोळात कुठंही धूर दिसला की ते उठत आणि दारोदार जाऊन विचारत, "खिडकी उघडी आहे न?" लोक हसत. काहीजण उघडतही.