पेचकसानं घालवलेला परवाना

"सव्वीस वर्षं घरं मी बांधतोय, नोरीन! आणि परवाना तुला?"

"अरे, परीक्षा आपण दोघांनी दिली होती, वर्लिन."

ओहायोतल्या आमच्या गावात वर्लिननं एकही खिळा ठोकला नाही असं घर शोधावंच लागेल. त्याची धाकटी बहीण नोरीन शाळेच्या कचेरीत टायपिंग करायची. घर विकण्याआधी ते तपासून देणाऱ्यांना परवाना लागतो, म्हणून त्याच्या परीक्षेला दोघांनी एकत्रच नाव घातलं. लेखी परीक्षेत दोघं पास झाली. प्रात्यक्षिकाच्या घरात मात्र कठडा हलत होता. नोरीननं लिहिलं, 'कठडा सैल आहे.' वर्लिननं खिशातला पेचकस काढून तो घट्ट करून टाकला. तपासनिसानं दुरुस्ती करायची नसते, फक्त सांगायचं असतं. वर्लिन नापास झाला.

"काम न केल्याचे मार्क मिळाले तुला!"

"जळतोस, असं सरळ म्हण की."

"जळतोयच! तुझं ते ओळखपत्र दिसलं की कॉफीसुद्धा कडू लागते."

"साखर घालत जा मग," म्हणत नोरीन शिडी उचलायला वाकली. आज तिची पहिली तपासणी होती, चर्चमागच्या पिवळ्या घराची.

वर्लिनचा आवाज एकदम खाली आला.

"तिथल्या मागच्या दाराच्या पायऱ्या मी केल्यात. अगदी पहिल्या वर्षी. तेव्हा मला धड येत नव्हतं गं. काय लिहिशील?"

नोरीननं शिडी खांद्यावर घेतली आणि ती बाहेर पडली.